दोघांचं पाणी एकदम नको

"तुमच्या मिरचीला पाणी मिळालं नाही, हा माझ्या प्रोग्रामचा दोष नाही!" राजलक्ष्मी बांधावर उभी राहून कडाडली.

बारामतीच्या कॉलेजात ती संगणकशास्त्र शिकवायची. एकाच वेळी चालणारे प्रोग्राम ठरलेल्या अटी पाळतात की नाही, हे गणिताने सिद्ध करणं हा तिचा विषय. गावी, अंथुर्ण्याला, सामाईक विहिरीवर वडील जयवंता आणि चुलते गेणबा यांचे दोन कॉक. एकदम उघडले की जास्त पाणी कुणी ओढलं यावरून तंटा. म्हणून तिने विहिरीवर प्रोग्रामची पेटी बसवून दोन्ही कॉक मोबाईलवर आणले. अट दोघांनीच घातली.

*दोघांचं पाणी एकदम चालू नको.*

आज सकाळी दोघांनी एकदम बटण दाबलं. दुसऱ्याची मागणी दिसली म्हणून हा कॉक बंद राहिला. आणि ह्याची दिसली म्हणून तोही. ऊन डोक्यावर आलं तरी बंद. कालच लावलेली रोपं माना टाकू लागली.

"सिद्ध केलंय मी! काहीही झालं तरी दोन्ही एकदम उघडणार नाहीत. उघडले का?"

"न्हाय," गेणबा म्हणाला. "येक बी उघडला न्हाय."

"मग अट पाळली ना, तात्या?"

"अगं, पन पाणी?"

"पाणी यायला पाहिजे, असं तुम्ही कुठं सांगितलं होतं?"

गेणबाने भावाकडे पाहिलं. "हिला तू शिकीवलंस. मी न्हाय."

"हिरीवर मोटर कशापायी बसवत्यात, ह्ये बी सांगायचं व्हतं व्हय?" जयवंता उसळला.

राजलक्ष्मीने तणतणत लॅपटॉप उघडला.

*जो मागेल त्याला कधीतरी पाणी मिळेल.*

"ही घ्या दुसरी अट. हीसुद्धा सिद्ध करून दाखवते!"

"कधीतरी म्हंजी कवा?" जयवंताने विचारलं.

"कधीतरी. पण नक्की."

"आज?"

"तसं सांगता येत नाही, आप्पा."

"आन् मिरची वाळल्यावर मिळालं तर?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "तरी... अट पाळली, असंच धरतात."

जयवंताने खांद्यावरचा टॉवेल कमरेला आवळला. "दादा, पाना घे."

दोघांनी पेटी उचकटून बाजूला ठेवली. एक इकडच्या कॉकला भिडला, एक तिकडच्या. दोन्ही बाजूंना पाणी सुटलं. बारीक, पण रोपांपर्यंत पोचणारं.

"अहो, एकदम दोन्ही?" राजलक्ष्मी किंचाळली. "तुमचीच अट! माझ्या प्रोग्रामनं हे जन्मात होऊ दिलं नसतं!"

"व्हय की," गेणबा चिखलात पाय रोवत म्हणाला. "म्हून तर त्येला काढला."