हडळीचं न्हाण

बाबुराव डायरेक्टर माणसाकडं बघतात ते तो मेल्यावर कसा दिसेल या हिशोबानं. माझ्या लग्नात त्यांनी नवरीला निरखून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई चांगली हाय, पण हडळ म्हणून लई खुलंल." माझी बायको आजही त्यांना चहा गार करूनच देते.

केजच्या दूध संघात ते सेक्रेटरी होते, मी त्यांच्या हाताखाली कारकून. तीसेक वर्षांमागच्या दुष्काळात गुरं छावणीला गेली, दूध आटलं, तेव्हा संघाच्या रिकाम्या गोदामात त्यांनी सिनेमा काढला. 'हडळीचं न्हाण'. जनरेटर चेअरमनचा होता, म्हणून भुतांच्या ऐन धुमाकुळात चेअरमनचा सत्कार होतो. हार हडळच घालते.

पोस्टरवर ओलेती नायिका होती. त्या न्हाणासाठी टँकर मागवला, तर गावच्या बाया घागरी घेऊन कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या. न्हाण राहिलं, घागरींची रांग तेवढी सिनेमात आली. वडवणीच्या बाजारात खेळ लावला तेव्हा चिडलेल्या लोकांनी तंबू फाडला. बाबुराव त्याला 'पब्लिकचा प्रतिसाद' म्हणतात.

परवा पुण्याहून कुठल्याशा फिल्म क्लबची पोरं आली. तुमचा सिनेमा आता 'कल्ट' झालाय, वेडे चाहते शोधून शोधून बघतात, म्हणाली. बाबुरावांना ऐकू आलं, कलटी. आपण कुठंच पळून गेलो नव्हतो, असा त्यांनी गंभीरपणे खुलासा केला.

पोरांनी संघाच्या हॉलमध्ये पडदा लावला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांना राख फासून भुतं केलेली. एकेका भुताचा चेहरा पडद्यावर इतका वेळ राहायचा की पोरं हसून लोळत होती.

एवढ्यात स्टँडवरचा चहावाला नामदेव उठला आणि थेट पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. समोर एक तरणी बाई होती, गालाला राख लावलेली, हनुवटीवर गोंदणाची तीन टिंबं.

"ही माझी माय हाय," तो म्हणाला.

ती गेली तेव्हा नामदेव रांगत होता. घरात तिचा एकही फोटो नव्हता; हनुवटीवरच्या तीन टिंबांचं तेवढं आजी सांगायची. हसणं थांबलं. बाबुरावांनी लॅपटॉपवाल्याला तेवढंच परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

नंतर पुण्याच्या एका मुलीनं त्यांना हळूच विचारलं, चेहरे इतका वेळ का ठेवलेत? बाबुराव म्हणाले,

"भूत हो म्हणलं, तर बाईनं आधी पदर सारखा केला, केस चापून बसवले. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढं उभी ऱ्हायलती. लगीच कट कसं म्हणू?"