लिंबाजीकाकांची वेगळी बॅटरी

दुष्काळात आमचं सगळं गाव टँकरमागं धावत होतं, तेव्हा लिंबाजीकाकांच्या कपाटात पाण्याच्या चार बाटल्या कुलपात बंद होत्या. ते पाणी बॅटरीचं. खुद्द सरपंचांना ठसका लागला, तरी त्यातला घोटभर मिळाला नाही. "मानसाला हिरीचं चालतंय, बॅटरीला चालत न्हाय," असं सांगून काका मोकळे झाले.

काका भूमच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाले, पण नाद सुटला नाही. कुणाच्या दारात ट्रॅक्टर दिसला, की मालकाला रामराम घालण्याआधी ते बॅटरीची ख्यालीखुशाली विचारत.

मी मासेमारी सोसायटीचा सेक्रेटरी. तलाव आटत चालला होता. उरलेले मासे कुठल्या डोहात दडलेत ते कळलं नाही, तर पाण्याबरोबर आमचा हंगामही जाणार होता. अशात जिल्ह्याच्या साहेबांनी आठ दिवसांच्या बोलीवर मासे दाखवणारं यंत्र दिलं. आम्ही ते होडीच्या इंजिनाच्याच बॅटरीला जोडलं. पण इंजिन सुरू केलं, की यंत्राचा पडदा गप्पकन विझायचा.

काकांनी होडीत बसून दोनदा पाहिलं आणि निकाल दिला. "इंजिन लई दांडगं हाय. ताटातलं सगळं तेच वढून घेतंय. यंत्राला येगळी बॅटरी पायजे."

मग मुलगी बघायचा कार्यक्रम सुरू झाला. मोटारसायकलची बॅटरी आली. "सहा व्होल्टची. अजून ल्हान हाय," काका म्हणाले. ट्रॅक्टरची आणली, तर होडी एका अंगाला कलली आणि आमचे चेअरमन धोतरासकट पाण्यात. "खानदानी हाय, पर अंगानं लईच." मग जीपची आली. काकांनी बुचं उघडून आत डोकावलं आणि मालकाला दरडावलं, "पानी येळेवर घालत व्हता का?" मालकानं मान खाली घातली. "उपाशी ठिवली बिचारीला. आता कुठं बी नांदायची न्हाय."

असे पाच दिवस गेले. मी वैतागून म्हणालो, "काका, तुम्हाला लग्न लावायचंय का मोडायचंय?" एरवी चार शब्द सुनावणारे काका टॉवेल खांद्यावर टाकून घरी निघून गेले.

सहाव्या दिवशी सकाळी ते धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून एक बॅटरी घेऊन आले. लहानशी, बारा व्होल्टची, घासूनपुसून लख्ख. "हिला उन्हात ठिवू नका," एवढंच बोलले आणि घरी गेले.

इंजिन सुरू झालं, पडदा तसाच शाबूत. दुपारपर्यंत जाळं इतकं भरलं, की चौघांना ओढवेना. चेअरमननी हार मागवला, पण काकांचा पत्ता नाही. मला रागच आला. एवढा मान सोडून घरात बसायचं म्हणजे काय! चांगला मोठा कटला मासा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

काकू वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेल्या. दिवसा गावात वीज नसायची. त्यांच्या उशाशी जीपमधला एक छोटा पंखा होता आणि त्याच्या दोन वायरी मोकळ्याच लोंबत होत्या. काका शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. पाच दिवस ते दुसरी बॅटरी का धुंडाळत होते ते आत्ता कळलं, आणि माझ्या बोलण्याची मला लाज वाटली.

"बास करा की आता," काकू म्हणाल्या, "हात गळून जाईल तुमचा."

"अजून दोनच दिस," काका म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला.