देवरे सरांची शांतता

आमच्या सोसायटीचा वॉचमन हिवाळ्यात जरीकाठाची शाल पांघरून गेटवर बसायचा. भांडीवाली सखूबाई तसल्याच शालीत सकाळी जिना चढायची. खालच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलावर अंथरलेली होती तीही शालच. नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटायचं, गंगापूर रोडला लोकांची परिस्थिती फारच चांगली दिसते. परिस्थिती कुणाचीच चांगली नव्हती. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये देवरे सर राहत होते, एवढंच.

देवरे सर लेखक. म्हणजे त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. कळवणला शाळेत शिकवत असताना लिहिली, तिला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, आणि मग जे सत्कार सुरू झाले ते थांबेचनात. वक्तृत्व स्पर्धा, वाचनालयाचं उद्घाटन, पतसंस्थेचा वर्धापनदिन, गणपतीतली व्याख्यानमाला; जाल तिथे शाल आणि नारळ. शाली सिंधूवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, वाटून टाकायच्या. नारळांचं काय करायचं हा मात्र सगळ्या मजल्याचा प्रश्न होता. त्या काळात आमच्याकडे भेंडीच्या भाजीतसुद्धा खोबरं असायचं.

प्रत्येक सत्काराला सूत्रसंचालक एक वाक्य हमखास म्हणायचा. "ज्यांच्या पुढच्या कादंबरीची अवघा महाराष्ट्र वाट पाहतोय." सर मान खाली घालून हसायचे. अवघ्या महाराष्ट्राचं मला माहीत नाही, पण आमचा मजला वाट पाहून कंटाळला होता. कारण ती कादंबरी लिहून होईपर्यंत आम्हाला आवाज करायची परवानगी नव्हती.

ते राहायला आले नव्वदच्या आसपास. कळवणला माणसांची फार ये-जा, तिथे लिखाण होत नाही, म्हणून नाशिकला ब्लॉक घेतला. नोकरीत वेळ मिळत नाही, म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून ते दिवसभर लिहायला मोकळे होते, आणि तेव्हापासूनच त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती.

आल्यावर थोड्याच दिवसांनी सिंधूवहिनी आमच्या दारात आल्या. बेल वाजवली नाही, दारावर एका बोटानं टकटक केली.

"मंदाताई, कुकर जरा उशिरा लावता का? यांचं वाक्य अर्धं राहिलंय."

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं, मग लॅब. कुणाच्या वाक्यासाठी डबा उशिरा भरणं मला शक्य नव्हतं. मी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, मी निघून गेले. संध्याकाळी जिन्यात वहिनी भेटल्या तेव्हा विचारलं, "झालं का वाक्य?"

"नाय ना. तुमच्या शिट्टीनं गेलं म्हणतात."

अशा रीतीनं मराठी साहित्याच्या नुकसानीला माझा हातभार लागला.

सर भेटले की छातीवर हात ठेवून सांगायचे, "आत आहे हो मंदाबाई. सगळं आत आहे. फक्त बाहेर येत नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोटाची तक्रार असेल, म्हणून मी इसबगोल सुचवलं. सर दुखावले. "मूड लागतो त्याला," म्हणाले. मी सुई टोचताना कुणाला मूड आहे का विचारत नाही आणि मलाही कुणी विचारत नाही, त्यामुळे या विषयावर आमचं पुढे बोलणं झालं नाही.

मूड यावा म्हणून त्यांनी काय नाही केलं. टेबल पूर्वेला फिरवलं, मग उत्तरेला. शाईचं पेन घेतलं, शाई हाताला लागते म्हणून सोडलं. कुणीतरी सांगितलं म्हणून डोक्याला ब्राह्मी तेल चोपडलं. त्र्यंबक रस्त्याला एका ओळखीच्याच्या शेतावर आठवडाभर एकांतात राहिले आणि सर्दी घेऊन परतले. पुढे संगणक निघाले तेव्हा संगणक घेतला. 'प्रकरण पहिले' ही दोन शब्दांची ओळ त्यांनी इतक्या वेगवेगळ्या वळणांत छापून पाहिली की त्यातून लग्नपत्रिकेचा धंदा उभा राहिला असता.

आणि शांतता. तिचं वेड वर्षागणिक वाढत गेलं. पोरांचं क्रिकेट मागच्या बाजूला गेलं. त्यांच्या दाराची बेल निघाली. वहिनींनी पोळपाटाखाली फडकं घातलं, बांगड्या कमी केल्या, आणि हळूहळू बोलणंही कमी केलं.

हे शेवटचं सांगायला हवं, कारण सिंधूवहिनी मुळात अतिशय बोलकी बाई. सुरुवातीची दोन-तीन वर्षं आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर बरोबर कुरडया घालायचो. घरात तोंड बंद असल्यामुळे गच्चीवर त्यांचा बांध फुटायचा. कळवणजवळच्या त्यांच्या माहेरची सगळी माणसं त्या माझ्यापुढे उभी करायच्या. त्यांची एक गुलाबमावशी होती. घरच्यांनी तिला न विचारता कांदा विकायला काढला होता, म्हणून ही मावशी हातात विळा घेऊन कांद्याच्या ढिगावर बसली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, आधी मला उचला, मग कांदा. वहिनी मावशीचा आवाज काढायच्या, व्यापाऱ्याचा काढायच्या, रागाची जागा आली की सरळ अहिराणीत शिरायच्या. माझा चीक भांड्यात घट्ट व्हायचा इतकी मी ऐकत बसायचे.

मग मी सरांची कादंबरी वाचली. गुलाबमावशी त्यात होती. विळा होता, ढीग होता, 'आधी मला उचला' होतं. पानापानावर वहिनी बोलत होत्या. सरांनी मधे मधे सूर्यास्त घातले होते.

एका दुपारी वहिनी रंगात आल्या असताना सर गच्चीवर आले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "सिंधू, आवाज खाली येतो." आणि गेले. वहिनींनी साचा उचलला, उरलेल्या कुरडया घातल्या, पण गोष्ट अर्धीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही कुरडया घातल्या त्या मुक्यानेच.

मला या माणसाचा मनापासून राग आला आणि मी तो त्यांना सांगितलाही. "सर, तुमची कादंबरी वहिनींच्या तोंडची आहे. त्यांना बोलू द्या, तुम्हाला सुचेल."

सर समजूतदारपणे हसले. "कच्चा माल आणि कलाकृती यात फरक असतो, मंदाबाई."

कच्चा माल तेव्हा आत फडक्यावर पोळ्या लाटत होता.

अशी बरीच वर्षं गेली. सत्कार विरळ झाले. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग 'विशेष उपस्थिती', मग पहिल्या रांगेत खुर्ची, मग नुसतं निमंत्रण, मग तेही नाही. सर तरीही जायचे. कुणी विचारलं नवीन काय, की हात छातीकडे जायचा.

एकदा एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात माझ्या मुलीला निबंधाचं बक्षीस होतं. मी आणि मुलगी तिथे पोचलो तर सर आधीच येऊन बसलेले. मी त्यांच्या शेजारी बसले. सुरुवातीला चिटणीस उभे राहिले आणि वर्षभरात जे साहित्यिक गेले त्यांची नावं वाचू लागले. चार-पाच नावं झाली आणि मग त्यांनी वाचलं, "कळवणचे कादंबरीकार देवरे सर. आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. सरही उभे राहिले.

मी त्यांची बाही ओढली. "अहो सर, तुमचं नाव घेतलं."

"श्श," सर म्हणाले. "मौन चालू आहे."

हात समोर बांधून, डोळे मिटून, ते स्वतःसाठी दोन मिनिटं उभे होते. खाली बसल्यावर मी चिटणिसाला सांगायला निघाले तर त्यांनी मला थांबवलं. "नको. त्यांचा कार्यक्रम बिघडेल."

परतताना आम्ही रिक्षा केली. कॉलेज रोडच्या सिग्नलला सर म्हणाले, "कुणी चमकलं नाही हो. एकानंसुद्धा अरेरे केलं नाही. माझ्या पुढचा माणूस घड्याळ बघत होता."

मी म्हटलं, "लोकांना उशीर झाला असेल." याहून बरं काही मला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी म्हटलं नसतं.

आमच्या घराची किल्ली वहिनींकडे असायची, म्हणून मी त्यांच्या मागोमाग आत गेले. वहिनी ताट मांडत होत्या. सरांनी चप्पल न काढताच सगळं सांगितलं. नावं, मौन, घड्याळ. वहिनींनी ऐकून घेतलं, मला किल्ली दिली आणि विचारलं, "वाढू?"

"सिंधू, अगं मी मेलो म्हणून सांगितलं त्यांनी. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. पूर्वी बोलायचीस तसं."

वहिनी खरोखर विचार करत राहिल्या. पाण्याचा तांब्या हातात तसाच. मग म्हणाल्या, "आता नाय येत. तुम्हीच सांगेल होतं ना, गप ऱ्हाय म्हणून. सवय गेली."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. सरांचा चेहरा मी पाहिला. श्रद्धांजलीच्या वेळी तो असा झाला नव्हता. मी किल्ली घेऊन निघाले. मला दया आली असं म्हणणार नाही.

पुढचे काही महिने समोरून काहीच ऐकू आलं नाही. ते ऐकू न येणं आमच्या सवयीचंच होतं. मग एके दिवशी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून सरांचा मोठा आवाज आला.

"तर गुलाबमावशी चाकू घेऊन कांद्यावर बसली."

मग वहिनींचा आवाज, बारीक, गंजलेला. "विळा."

"चाकूच होता. आणि तिचा दीर नामदेव म्हणाला..."

"नामदेव कुठून आला? तो तव्हा वारेल होता."

"असेल. पण मावशी रडायला लागली आणि..."

"कोण रडलं? मावशी? तसं नही शे ते." आणि पोळपाट ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. फडकं नव्हतं खाली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. सर सकाळी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचे, मांडीवर पाट, पाटावर कागद. काहीतरी वाचायचे, ते चुकीचं असायचं, वहिनी भडकायच्या. सासऱ्यांचं नाव चुकायचं, बैलाचा रंग चुकायचा, लग्न कुणाचं कुणाशी व्हायचं. दुपारपर्यंत वहिनींचा घसा मोकळा झालेला असायचा. जिना चढताना मला कळायचं आज सरांनी कुणाचा घोटाळा केला. खालचे लोक तक्रार करू लागले की देवरेंच्या घरात फार आरडाओरडा चालतो.

सरांना पुढे साखर निघाली. उपाशीपोटी रक्त घ्यायला मी त्यांच्याकडे जायचे. अशाच एका सकाळी पाहिलं तर टेबलावर लिहिलेल्या कागदांचा चांगला जाडजूड गठ्ठा. मी दंडाला पट्टा बांधला आणि म्हटलं, "लिखाण जोरात दिसतंय."

"हो. सुटलंय."

"पण सर, एक सांगा. विळा तर तुमच्या पहिल्या पुस्तकातच आहे. तुम्हीच लिहिलाय. मग चाकू कसा काय म्हणता?"

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरोबर सांगितलं तर ती नुसतं हं म्हणते."

मी शीर शोधत होते. ती लवकर सापडली नाही. "म्हणजे मुद्दाम?"

"बैल पांढराच होता, मला माहीत आहे. मी त्याला काळा केला तर ती त्याचं दावं, घंटा, बाजार, विकणारा माणूस, सगळं सांगते. मी लिहून घेतो. पण आधी ऐकतो."

"मग छापायला कधी देणार? एवढं तर झालंय."

"प्रकाशक विचारतोय," सर म्हणाले. "पण पुस्तक पुरं झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी इथे येऊन तिला काय विचारू?"

ज्या वर्षांत ती बाई फडक्यावर पोळ्या लाटत होती ती वर्षं या गठ्ठ्यात कुठे येणार नव्हती, हे मला म्हणायचं होतं. त्यांनाही ते माहीत असावं. मी सुई काढली, कापूस ठेवला आणि हात दुमडून धरायला सांगितलं.

हात दुमडून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मोठ्यांदा म्हणाले, "सिंधू, मी आज लिहिणार आहे की तुझ्या बापाला बैलगाडी हाकता येत नव्हती."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. पिठाचे हात तसेच घेऊन वहिनी बाहेर आल्या.

"कोणाला येत नव्हती?"

मी बाटलीवर नाव घातलं आणि बॅग उचलली. माझं काम झालं होतं. सर स्टूल ओढत होते.