डेटाबेसचा घसा

गेल्या आठवड्यात आमच्या डेटाबेसचा घसा बसला.

मिरजेतल्या एका इस्पितळाचं चौकशीचं ॲप आमची कंपनी चालवते. नातेवाईक मोबाइलवर विचारतात, पेशंट कसा आहे. प्रश्न आमच्या ऑफिसमागच्या थंड खोलीत जातो आणि डेटाबेस उत्तर सांगतो. त्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. पण पेशंट एक आणि नातेवाईक चाळीस, आणि प्रत्येकाला स्वतःच विचारायचं असतं. मेहुण्याला मिळालेल्या उत्तरावर भाच्याचा विश्वास बसत नाही. सोमवारी डेटाबेसच्या तोंडून नुसतीच हवा यायला लागली.

घशाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गळ्याला मफलर आणि बोलणं अगदी कमी. नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं ते म्हणाले.

आमचे प्रोग्रामर बिरनाळे यांनी सुचवलं, मध्ये कॅश बसवा. एकदा मिळालेलं उत्तर कॅशने तोंडपाठ ठेवायचं आणि पुढच्यांना स्वतःच सांगायचं, म्हणजे डेटाबेसला सारखं उठवायला नको. प्रशासनाने तातडीने कॅशियर बसवली. निर्मलाबाई आरवाडे, पतपेढीतून निवृत्त. बिरनाळे त्यांना बघून म्हणाले, "चालेल."

आणि चाललंही. बाईंची स्मरणशक्ती दांडगी. कुणाच्या बारशाला कोण आलं नव्हतं, हेसुद्धा त्यांना पाठ. थंड खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून त्या बसल्या आणि येईल त्याला उत्तर देऊ लागल्या. दुपारपर्यंत डेटाबेसला फारसं बोलावं लागलं नाही. मला हायसं वाटलं.

संध्याकाळी सुरेखा चौगुले नावाच्या बाई थेट आमच्या ऑफिसात आल्या. त्यांच्या नवऱ्याला सकाळी ऑपरेशनला नेलं होतं. इस्पितळात तोंडी कुणी काही सांगत नाही, ॲपवर बघा म्हणतात. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सकाळधरनं ह्येच दावतंय, 'ऑपरेशन चालू आहे'. इतका वेळ पोट उघडं ठेवत्यात व्हय, साहेब? काय असंल ते खरं सांगा. मी घट्ट हाय."

मी आरवाडेबाईंकडे गेलो.

"चौगुले कसे आहेत?"

"ऑपरेशन चालू आहे."

"हे कधीचं?"

"सकाळचं. शब्दन् शब्द तोच."

"एकदा परत विचारा डेटाबेसला."

"मला माहीत असताना त्यांचा घसा कशाला ताणू? मला नेमलंय कशासाठी?"

नियम त्यांच्या बाजूने होता. माहीत नसेल तरच विचारायचं, असं ठरलं होतं. बाईंशिवाय कुणी डेटाबेसला बोलतं करायचं नाही, असंही ठरलं होतं. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा डेटाबेसचा मूळचा स्वभाव.

"मग ते उत्तर विसरा," मी म्हणालो.

"मला विसरायला होत नाही हो. फक्त स्वयंपाकघरात गेलं, की काय डोक्यात घेऊन आले तेवढं आठवत नाही."

बिरनाळ्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ऑफिसात स्वयंपाकघर नाही, पण चहा करायची खोली आहे. चौगुल्यांचं उत्तर घेऊन तेवढं आत जाऊन या, असं मी बाईंना सांगितलं. "ऑपरेशन चालू आहे, ऑपरेशन चालू आहे," असं पुटपुटत त्या निघाल्या. उंबरठ्यापलीकडे आवाज थांबला. त्यांनी साखरेचा डबा उघडला, त्यात बघितलं, झाकण लावलं आणि परत आल्या.

"मी कशाला गेले होते आत?"

"ते राहू द्या. चौगुले कसे आहेत?"

बाई गोंधळल्या. "थांबा, विचारून सांगते."

कुणाच्या अज्ञानाचा मला आयुष्यात इतका आनंद झालेला नाही. बाई थंड खोलीत गेल्या. डेटाबेसने मफलर खाली केला आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगितलं. सुरेखाबाईंनी भिंत धरली होती.

"शुद्धीवर आहेत," आरवाडेबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "दुपारीच खोलीत आणलंय. तब्येत चांगली आहे. चहा मागतायत, पण आज द्यायचा नाही."

सुरेखाबाई फरशीवरच बसल्या आणि रडल्या. मग पदराने तोंड पुसलं.

"मागू दे. घरात बी असाच डोकं खातोय चहापायी."

आता आरवाडेबाईंना ठरावीक वेळाने चहाच्या खोलीत पाठवलं जातं. बिरनाळे म्हणतात, कॅशची हीच रीत आहे.

त्या दिवशी भेटायची वेळ संपली होती, म्हणून सुरेखाबाई आमच्याच जिन्यात बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांच्या मोबाइलवरून प्रश्न आला, चौगुले कसे आहेत. आरवाडेबाईंनी बसल्या जागी उत्तर दिलं. लगेच तोच प्रश्न परत आला. मग परत.

"माझ्या सांगण्यात काही चुकतंय का?" बाईंनी मला विचारलं.

"नाही. त्या विचारतील तितक्यांदा सांगा."

बाई सांगत राहिल्या, दर वेळी पूर्ण वाक्यात. आत डेटाबेस घोरत होता.