सरकारी किलोची आंघोळ

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला मापात कुणी फसवू शकत नाही! वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून बावीस वर्षं काढली आणि सर्व्हिस बुकात एक ठपका नाही. मी बाजारात शिरलो की तराजूचे काटे आपोआप सरळ होतात. हे मी नाही, माझी आई म्हणते. ती कशाला खोटं बोलेल?

आमच्या बाजारात वर्षातून एकदा शिबिर भरतं. दुकानदारांनी आपापली वजनं आणायची, मी ती खात्याच्या पितळी किलोशी ताडून बघायची आणि शिक्का मारायचा. हा किलो नियमाप्रमाणे ऑफिसच्या कपाटातच राहायला हवा. पण शिबिर सकाळी सातला, बाजार घरापासून चार पावलांवर. म्हणून आदल्या संध्याकाळी किलोची पेटी घरी आणून ठेवली आणि फिरायला गेलो. इथेच माशी शिंकली!

परत येऊन बघतो तर आई ओट्याशी उभी, हात लालभडक, आणि किलो नव्या नवरीसारखा चमकतोय.

"आई! हे काय केलंस?"

"लिंबू आणि राख लावून घासलं. सरकारी वजन आणि असं कळकट? लोक नावं ठेवतील तुला!"

आता प्रमाण वजन घासू नये हे मला ठाऊक होतं. पण घासून घासून झिजणार किती, केसाएवढं! शिवाय सत्तराव्या वर्षी तिनं माझ्यासाठी एवढी मेहनत केलेली. मी "छान झालंय" म्हणालो आणि पेटी बंद केली.

सकाळी पहिला नंबर किराणावाल्याचा. त्याचा लोखंडी किलो एका पारड्यात, माझा दुसऱ्यात. त्याचं पारडं धाडकन खाली!

"पंचवीस ग्रॅम जास्त!" मी म्हणालो.

"जास्त? म्हणजे मी दर किलोला पंचवीस ग्रॅम फुकट वाटतोय?" किराणावाला मटकन स्टुलावर बसला.

मग भाजीवाली आली. पंचवीस ग्रॅम जास्त! बेकरीवाला, पंचवीस ग्रॅम जास्त! खिळेविक्या, तोही पंचवीस! अख्खा बाजार गिऱ्हाइकांना भरभरून देत होता. माझा ऊर भरून आला हो! बावीस वर्षांच्या माझ्या धाकाचं हे फळ. मी तिथेच खुर्चीवर चढून प्रामाणिकपणावर दहा मिनिटं भाषण ठोकलं.

वजनं दुरुस्त करणारा आमचा कारागीर तेवढा कान खाजवत होता. वजनाच्या तळाशी एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन कमी भरलं तर शिसं घालायचं, जास्त भरलं तर काढायचं, हे त्याचं काम.

"साहेब, सगळ्यांचं सारखंच जास्त कसं? एकदा आपलं वजन उलटं करून..."

"सरकारी वजनावर शंका?" मी असा काही डोळे वटारून बघितलं की बिचारा कामाला लागला. दुपारपर्यंत त्यानं एकसष्ट वजनांतून पंचवीस पंचवीस ग्रॅम शिसं काढलं आणि मी एकसष्ट शिक्के मारले.

संध्याकाळी आईनं बाजारातून आणलेली साखर बरणीत ओतली आणि तणतणतच माझ्याकडे आली.

"तुझा तो किराणावाला लबाड निघाला! किलोभर साखरेनं माझी बरणी गळ्यापर्यंत भरते. आज अर्धं बोट कमी आहे!"

"शक्यच नाही. आजच शिक्का मारलाय मी."

"मग तुझा शिक्का खोटा!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. पेटी घरीच होती, तराजूही. साखर एका पारड्यात, सरकारी किलो दुसऱ्यात. काटा अगदी मधोमध! मी मिशीवर ताव दिला. आईनं फडताळातून मिठाचा सीलबंद एक किलोचा पुडा काढला आणि साखरेच्या जागी ठेवला. पुडा खाली गेला!

"कंपनी जास्त मीठ देत असेल," मी म्हणालो.

"जगातली कुठली कंपनी जास्त देते रे?"

बावीस वर्षांच्या नोकरीत इतका बिनतोड सवाल मला कुणी केला नव्हता. मी किलो उलटा केला. तळाला भोक. रिकामं. आतून लख्ख!

"आई, इथे काही होतं का?"

"होतं ना! काळाकुट्ट मळ. मेला एवढा घट्ट बसला होता! सुरीच्या टोकानं कोरून काढला आणि टाकला कचऱ्यात."

म्हणजे एकट्या माझ्या शिक्क्यानं अख्खा बाजार मापात मारत होता! मी तसाच धावत सुटलो आणि दारोदारी जाऊन सगळी वजनं गोळा करून आणली. कोण काय म्हणालं ते सांगत नाही, लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या वरिष्ठ, मोठ्या मॅडमसमोर उभा राहिलो.

"शिसं कुणी काढलं?"

आईचं नाव घेतलं असतं तर ठपका थोडा हलका झाला असता. पण मग चौकशी लागली असती, तिला बोलावलं असतं, आणि आपल्यामुळे लेकाची नोकरी धोक्यात आली हे तिला कळलं असतं. तिचे ते लाल हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"मीच काढलं."

"तुम्ही? आणि का?"

"मळ वाटला, मॅडम."

मॅडमनी सर्व्हिस बुक ओढलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यात लाल शाईनं लिहिलं. एकसष्ट वजनं मी रविवारी पदरचा वेळ घालून पुन्हा तपासायची. वर तीन दिवसांचं प्रशिक्षण, नव्यानं भरती झालेल्या पोरापोरींबरोबर. विषय, वजनांची प्राथमिक ओळख!

पत्र घरी आलं ते आईच्याच हाती पडलं. तिनं 'प्रशिक्षण' एवढंच वाचलं आणि शेजारच्या काकूंना गाठलं. "आमच्या ह्याची निवड झाली बरं का! एवढ्या मोठ्या ऑफिसातून हा एकटाच!"

तीन दिवस पहिल्या बाकावर बसलो, शेवटी परीक्षाही दिली. तळाच्या शिशावर तर चांगली तीन पानं लिहिली.

दुसरा आलो. आईला पहिला सांगितलंय.