शेवट मास्तरांकडे

आमच्या पौडच्या भिकोबा मास्तरांकडच्या एकाही कादंबरीला शेवटचं पान नव्हतं. ते मास्तर स्वतः ब्लेडनं कापून काढत. निवृत्त झाल्यावर एसटी स्टँडसमोरच्या आपल्या पडवीत त्यांनी पुस्तकांचं कपाट मांडलं होतं. पुण्याला कॉलेजात शिकणारं कुणी सुट्टीला गाडीतून उतरलं, की ट्रंकेसकट त्याला तिथं बसवून घेत आणि हातात पुस्तक देत.

"शेवट माज्याकडं हाय. वाचून झालं की ये, सांगतो."

आधी लेखकाची ओळख होई. ती ऐकली असती तर बिचाऱ्यानं लिहिणं सोडलं असतं. "ह्याचा फोटू बग. इस्त्री मोडली न्हाई कवा, आन् ह्यो नांगरावर लिवतोय! तरी वाच. मधली पानं बरी हायेत." दुसऱ्याबद्दल म्हणत, "ह्यो लई रडवतो. पोट भरल्यावर सुचतं असलं."

आम्ही हसायचो आणि पुस्तक न्यायचो. फुकट मिळत होतं ना!

बी.ए.ला नेमलेली कादंबरीही मी त्यांच्याकडचीच वाचली. शेवट त्यांच्या तोंडून ऐकला. रुसून घर सोडलेला नायक आई आजारी पडल्यावर परत येतो, तिचे पाय चेपतो. उत्तरपत्रिकेत मी तो पानभर रंगवला आणि सपशेल नापास झालो. प्राध्यापकांनी पेपर माझ्यापुढं टाकला. "नायक परमुलखात मरतो. तुम्ही पौडचे का हो? गेल्या वर्षीही एकानं त्याला घरी आणला होता."

मी तडक एसटी पकडली. पिरंगुटपर्यंत शिव्या जुळवत होतो. मग मास्तरांनी सांगितलेले सगळे शेवट आठवू लागलो. प्रत्येकात कुणीतरी घरी आलं होतं. रहस्यकथेतला खुनीसुद्धा पोलिसांना चुकवून आईच्या हातची भाकरी खाऊन गेला होता.

मास्तर दारातच उभे होते.

"मास्तर, तो मरतो!" मी रस्त्यातूनच ओरडलो.

"ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"लिवणाऱ्याचं काय जातंय मारायला? मागं घरात कोन वाट बगतंय, त्यो इचारतोय का?"

त्यांचा एकुलता एक वसंता मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होता. आईच्या तेराव्यालाही आला नव्हता. हे साऱ्या पौडला ठाऊक होतं. मास्तरांसमोर मात्र कुणी त्याचं नाव काढत नसे. त्या दिवशी त्यांनीच काढलं.

"वसंताला मीच दिली सारी पुस्तकं. तवा कापत न्हवतो मी. वाचून शाना झाला आन् गेला."

माझ्या जुळवलेल्या शिव्या होत्या तशाच राहिल्या. त्या वसंताला घालाव्यात असं वाटलं. पण तो ऐकायला होता कुठं? हुद्देदार माणसं असल्या वेळी कधीच हाताशी नसतात. मास्तरांनी दुसरी कादंबरी पुढं केली. मला गरज होती गाईडची, तरी घेतली.

पुण्यात तिची धड प्रत शोधून शेवट वाचला. तिथंही कुणी परत येत नव्हतं.

शिमग्याच्या सुट्टीत पुस्तक परत करायला गेलो. तेवढ्यात संध्याकाळची गाडी स्टँडात शिरली.

"मास्तर, शेवटी तो येतो का हो?" मी विचारलं.

"येतो की," मास्तर म्हणाले. "बस हितं. गाडी रिकामी होऊंदे."

शेवटची म्हातारी गाठोडं घेऊन उतरली, कंडक्टरनं दार लावलं. मग मास्तर माझ्याकडं वळले आणि त्यांनी गोष्ट सांगायला घेतली.