सोनाअक्कांची बिनकाडीची चूल

आमच्या संग्रहालयाला तिकीट नाही, झडती आहे. ती सोनाअक्का घेतात. काडेपेटी, लायटर जे सापडेल ते "जाताना घिऊन जावा" म्हणत काढून घेतात आणि पाण्यानं भरलेल्या घंगाळात टाकतात.

वाशी तालुक्यातल्या आमच्या गावानं उभं केलेलं हे जुन्या काळचं घर दर रविवारी उघडतं. पगार कुणालाच नाही. मी निवृत्त तलाठी, पटका बांधून चऱ्हाट वळत बसतो. ते अजून कुठल्याही बैलाच्या कामी आलेलं नाही. अक्का चुलीवर भाकरी करून पाहुण्यांना वाढतात. पण चूल काडीनं पेटवायची नाही, शेजाऱ्याकडून गोवरीवर विस्तव आणायचा.

"तवा काडी कुठं व्हती?"

"अक्का, निजामाच्या राज्यातही काडेपेटी मिळायची."

"तुमच्या चावडीत मिळत आसंल!"

गावात घरोघरी गॅस आला आणि अक्कांची पंचाईत झाली. इस्त्रीवाला तेवढा निखारा द्यायचा, त्यानंही विजेची इस्त्री घेतली.

मागच्या रविवारी शाळेच्या पोरापोरींची सहल आली. अक्का गावभर हिंडून विस्तवाविना तशीच गोवरी घेऊन परतल्या. पोरं भुकेली, चूल थंड. माझं डोकं फिरलं. पटक्यात लपवलेली काडेपेटी काढून मी काडी ओढली. अक्का दोन्ही हात पसरून पोरांच्या आडव्या उभ्या राहिल्या. मी फुंकर मारून काडी विझवली.

पोरं जातं बघायला गेल्यावर त्या खाली बसल्या.

"माझी पोरगी सुमन फटाक्याच्या कारखान्यात वाती लावायला जायची. त्या दिशी म्या चुलीम्होरं काडी वढली, आन् तिकडून आवाज आला."

"अक्का, कारखाना कुठं, तुमची चूल कुठं!"

"मलाबी कळतंय की. पर काडी म्याच वढली व्हती ना?"

मला रडू आलं. गोवरी उचलली आणि पटक्यासकट मोटारसायकलवर बसून हायवेवरच्या ढाब्यावर गेलो. येताना गोवरी धुमसत होती आणि लोक हसत होते.

अक्कांनी निखारा चिमट्यात धरून चुलीत सारला.

"कुणाच्या घरचा हाय?"

"घरचा नाही अक्का, ढाब्यावरचा."

"आसूंदे," त्या फुंकणी तोंडाला लावत म्हणाल्या, "पोरींना हाका मारा. आधी त्यांना वाढते."